जॉर्जियातल्या हॉटेलात जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्बिलिसीत राहायला येऊन मला आता सात वर्षं होतील. इथे डॉक्टरकीला आलेल्या मुलांचे आईवडील, आठवड्याभरासाठी फिरायला येणारी मंडळी, कुणाच्या तरी ओळखीने नंबर मिळवलेले लोक, सगळ्यांचे निरोप येत असतात. त्यातले बरेचसे जेवणाबद्दल असतात, आणि प्रश्नही तेच तेच. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जॉर्जियन जेवण म्हणजे नेमकं कसलं? रशियन की तुर्की?

दोन्ही नाही. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधला हा देश १९९१ साली सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला, पण इथलं जेवण त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आणि स्वतःचं आहे. पूर्वेकडे काखेतीत गहू, द्राक्षं आणि निखाऱ्यावर भाजलेलं मांस. पश्चिमेकडे इमेरेती आणि समेग्रेलोत मका, चीज, अक्रोड आणि मसाला. वर डोंगरात उकडलेली खिंकाली, मांस भरलेल्या मोदकासारखी. त्बिलिसीच्या हॉटेलात हे सगळं एकाच मेन्यूवर मिळतं.

आपल्या माणसाला या जेवणात परकं फारसं वाटत नाही, त्याचं कारण मसाल्यात आहे. कोथिंबीर आणि धने सढळ हाताने. ‘उत्स्खो सुनेली’ म्हणजे निळ्या फुलांच्या मेथीची पूड. तिच्या नावाचा अर्थच ‘परका मसाला’. आणि ‘पिवळं फूल’ या नावाने जी पूड मिळते ती वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची, आपल्या दसऱ्याच्या झेंडूचाच भाऊबंद. शब्दही ओळखीचे भेटतात. इथे ‘पुरी’ म्हणजे पाव आणि ‘दुकानी’ म्हणजे खाण्यापिण्याचा जुना अड्डा. ‘मामा’ म्हणजे मात्र वडील, तेवढं लक्षात ठेवा.

२. पहिल्यांदाच जातोय. चार जणांसाठी काय मागवू?

इथे प्रत्येकाची वेगळी थाळी मागवायची पद्धत नाही. सगळं टेबलाच्या मध्यभागी येतं आणि सगळे त्यातून घेतात. पहिल्या दिवशी चौघांसाठी एवढं पुरतं: एक इमेरुली खाचापुरी (चीज भरलेला पाव, प्रश्न ३), अक्रोडाचं सारण भरलेली वांगी, प्खालीची (अक्रोडात मळलेल्या भाज्यांची) एक मिश्र ताटली, काकडी-टोमॅटोचं अक्रोड घातलेलं सॅलड, एक लोबिओ (मडक्यातला राजमा) आणि सोबत मक्याची भाकरी. मांस खाणाऱ्यांनी यात खिंकाली किंवा भाजलेलं मांस वाढवावं. हे पोटभर होतं. ताटल्या मोठ्या असतात, आणि आपली मंडळी भुकेच्या भरात दुप्पट मागवतात असा माझा अनुभव आहे. कमी पडलं तर नंतर मागवता येतं. उरलं तर बांधून देतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

पदार्थ ठरावीक क्रमाने येत नाहीत. जे आधी तयार होईल ते आधी येतं. गार पदार्थ लगेच येतात, खाचापुरीला वीसेक मिनिटं लागू शकतात. सगळं येईपर्यंत थांबू नका, खाचापुरी गरम असतानाच तोडा.

३. खाचापुरीचे इतके प्रकार दिसतात. फरक काय?

‘खाचो’ म्हणजे ताजं दाणेदार चीज आणि ‘पुरी’ म्हणजे पाव. बाकी सगळा फरक प्रांताचा.

इमेरुली गोल आणि बंद असते, पुरणपोळीत पुरण भरावं तसं आत चीज. रोज खाता येईल अशी हीच. मेग्रुलीत आतही चीज आणि वरही चीज. पेनोवानी पापुद्र्यांची, चौकोनी. ती हॉटेलापेक्षा रस्त्यावरच्या बेकरीत बरी. आचमा म्हणजे कणकेच्या पातळ पोळ्या आधी उकडून, मध्ये चीज घालून, थरावर थर रचून भाजलेली. तिला लाझान्याची बहीण म्हणता येईल. लोबियानीत चीज नसतं, राजम्याचं सारण असतं (पण प्रश्न ७ वाचल्याशिवाय मागवू नका).

आजारुली ही होडीच्या आकाराची, फोटोंमुळे सगळ्यांना माहीत असलेली. होडीत वितळलेलं चीज, त्यावर कच्चं अंडं आणि लोण्याचा तुकडा. ती समोर आली की फोटोत वेळ घालवू नका. भट्टीतून आलेल्या चीजच्या उष्णतेवरच अंडं शिजायचं असतं. काट्याने किंवा चमच्याने अंडं, लोणी आणि चीज भराभरा घोटा, होडीचं टोक हाताने तोडा, त्यात बुडवा आणि खा. असं कडेकडेने तोडत आत यायचं. एक आजारुली एका माणसाला जड जाते. दोघांत एक घ्या.

४. खिंकाली हाताने खायची की काट्याने?

हाताने. यावर इथे दुमत नाही.

खिंकाली पाहिली की आपल्याला पहिल्यांदा उकडीचा मोदक आठवतो. तशाच चुण्या, वर तशीच गाठ. पण पारी मैद्याची, आणि आत मसाला लावलेलं कच्चं मांस भरून ती उकळत्या पाण्यात सोडतात. मांस आतच शिजतं आणि त्याचा रस आतच साठतो. सगळी गंमत त्या रसात आहे. काटा खुपसला की रस ताटलीत गेला, मग उरलं नुसतं पीठ आणि खिमा.

वरून भरपूर काळी मिरी भुरभुरवा. गाठ चिमटीत धरा आणि खिंकाली उलटी करा, म्हणजे गाठ खाली येईल. अर्धा मिनिट थांबा, आत वाफ कोंडलेली असते आणि जीभ पोळते. मग कडेला लहानसा चावा घेऊन आधी रस ओढून घ्या, नंतर बाकीची खा. गाठ ताटलीत ठेवून द्यायची. तिथे चुण्या एकावर एक आल्यामुळे पीठ जाड आणि कच्चट राहतं, आणि कुणी किती खाल्ल्या हे त्या गाठींवरूनच मोजतात.

मेन्यूवरचा दर एका नगाचा असतो आणि एका प्रकारच्या किमान ठरावीक घ्याव्या लागतात, बहुधा पाच. ‘कालाकुरी’ म्हणजे शहरी, तिच्यात कोथिंबीर वगैरे असते. ‘म्तिउलुरी’ म्हणजे डोंगरी, तिच्यात पाला नसतो. काझबेगीकडे जाणार असाल तर वाटेवरचं पसानौरी खिंकालीसाठी नावाजलेलं गाव आहे, तिथे थांबा. मांसाशिवायच्या खिंकालीही मिळतात: बटाट्याची, चीजची, मशरूमची. त्यात रस ओढण्यासारखा क्वचितच असतो, मशरूमच्या खिंकालीत मिळाला तर थोडा.

५. मी शाकाहारी आहे. आठवडाभर काय खाऊ? भारतीय हॉटेलं शोधून ठेवू का?

त्बिलिसीत भारतीय हॉटेलं आहेत, आणि मुलाला घरची आठवण आली तर जरूर जा. पण रोज तिथेच जेवून परत गेलात तर मला मनापासून वाईट वाटेल. जॉर्जियात शाकाहारी माणसाने नाईलाज म्हणून जेवायची वेळ येत नाही. मांसाशिवायचे पदार्थ इथल्या रोजच्या जेवणातले मानाचे पदार्थ आहेत.

सुरुवात ‘बद्रिजानी निग्वझित’पासून करा. वांग्याचे लांब पातळ काप तळून त्यात अक्रोड, लसूण, व्हिनेगर आणि मेथीचं वाटण भरून गुंडाळतात, वर डाळिंबाचे दाणे. गार खायचे असतात. ‘प्खाली’ म्हणजे पालक, बीट, कोबी किंवा घेवड्याच्या शेंगा शिजवून, पिळून, त्याच अक्रोडाच्या वाटणात मळलेले गोळे. आपल्या डाळिंबी-वांग्याच्या घरात वाढलेल्या जिभेला हे दोन्ही पहिल्या घासाला पटतात.

मग ‘लोबिओ’. मातीच्या लहान मडक्यात राजमा शिजवलेला, काही दाणे घोटलेले, काही अख्खे, त्यात कांदा, कोथिंबीर आणि उत्स्खो सुनेली. मडकं खदखदत टेबलावर येतं. सोबत ‘म्चादी’, म्हणजे मक्याच्या पिठाची जाड, हाताचे ठसे उमटलेली भाकरी, आणि ‘जोनजोली’ या झुडपाच्या कळ्यांचं लोणचं. म्चादी मोडून लोबिओत कालवली, वर जोनजोलीचा एक घोस आणि कच्च्या कांद्याची फोड घेतली, की हे आमटी-भाकरीचं जेवण आहे. हे मी माझ्या आईला पहिल्यांदा खाऊ घातलं तेव्हा तिने दुसरं मडकं मागवलं.

याशिवाय: ‘आजाप्सांदाली’, म्हणजे वांगी, टोमॅटो, सिमला मिरचीची भाजी. ‘सोको केत्सझे’, मातीच्या तव्यात भाजलेली मशरूम, त्यांच्या वाट्यांत वितळलेलं चीज. समेग्रेलोकडची ‘घोमी’, म्हणजे मक्याची घट्ट पेज, आत सुलगुनी चीजचे काप खुपसलेले. ‘घोमी’ हे मुळात राळ्याचं नाव. मका येण्याआधी ही पेज राळ्याची करत. ‘एलार्जी’ म्हणजे घोमीतच चीज घोटून केलेली, चमचा उचलला की हातभर तार निघते. आणि ‘तोने’ नावाच्या, तंदूरसारख्या मातीच्या भट्टीत भाजलेला लांबट टोकदार शोतीचा पाव, तो कोणत्याही जेवणाबरोबर मागवाच.

६. मेन्यूवर ‘समारख्वो’ लिहिलंय. ते काय?

हा शब्द शाकाहारी माणसाने पाठ करावा. ‘समारख्वो’ म्हणजे उपवासाचं. इथले बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. बुधवार, शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, नाताळच्या आधीचे चाळीस दिवस अशा उपवासांत ते मांस, दूध, चीज, लोणी, अंडी वर्ज्य करतात. त्यामुळे हॉटेलवाल्याला ‘व्हेजिटेरियन’ कळेल न कळेल, ‘समारख्वो’ मात्र त्याला लहानपणापासून माहीत असतं. ‘समारख्वो मिंदा’ म्हणजे ‘मला उपवासाचं हवंय’. व्हीगन लोकांना तर या एका शब्दाचा मोठा आधार आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही उपवासांच्या दिवशी त्यांना मासे चालतात, म्हणून मेन्यूच्या या भागात मासा दिसला तर चकित होऊ नका. आणि या उपवासाचा आपल्या साबुदाणा-भगरीशी काही संबंध नाही. त्यात गहू, राजमा, कांदा, लसूण सगळं असतं. एकादशीला हे चालणार नाही.

७. ‘मांस नाही’ असं वेटरने सांगितलं तर खात्री धरावी ना?

धरू नका, पुढचा एक प्रश्न विचारा. माझी आई माळकरी आहे. ती इथे आली तेव्हा राचा या डोंगरी प्रांताच्या वाटेवर एका हॉटेलात तिच्यासाठी लोबियानी मागवली. मांस आहे का, असं मी विचारलं आणि वेटरने नाही म्हणून सांगितलं. पोळी फोडली, आईने घास तोंडापर्यंत नेला आणि हात थांबला. राजम्याच्या सारणात गुलाबीसर, चकाकणारे लहान तुकडे होते. ते डुकराचं खारवलेलं मांस होतं, इथे त्याला ‘लोरी’ म्हणतात. राचाची लोबियानी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. वेटर खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी मांस म्हणजे मांसाचा पदार्थ, आणि हे तुकडे म्हणजे राजम्याची चव. आईने घास खाली ठेवला आणि त्या जेवणात काकडीपलीकडे काही घेतलं नाही. तो दिवस मी विसरत नाही.

म्हणून ‘रचुली’ (राचाची) हा शब्द लोबियानीच्या किंवा लोबिओच्या आधी दिसला तर थांबा आणि ‘लोरी?’ असं विचारा. सूप कोणतंही असो, ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारा. मशरूमचं सूपही. ‘उखोर्त्सोद’ म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द सांगा. आणि त्याहून भक्कम हवं असेल तर समारख्वो म्हणा, कारण धर्माचा प्रश्न आला की स्वयंपाकघरातला माणूसही जपून सांगतो.

एक उरतं ते चीज. सुलगुनी आणि इमेरुली चीज विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरण्याची पद्धत जुनी आहे, आणि हॉटेलात कोणतं चीज कशाने लावलंय हे वेटर सांगू शकत नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी चीजच टाळावं. प्रश्न ५ मधले निम्मे पदार्थ तरीही उरतात.

८. मांस नको आणि अंडंही नको. मग खाचापुरी?

आजारुली ‘उक्वेर्त्सखोद’, म्हणजे अंड्याशिवाय, सांगून मिळते. पण कणकेत अंडं असू शकतं आणि भाजण्याआधी वरून अंडं फासण्याची पद्धत आहे, मेग्रुलीवर तर हमखास. अंडं अजिबात चालत नसेल तर खाचापुरी सोडून म्चादी आणि घोमीकडे वळा. म्चादी नुसत्या मक्याच्या पिठाची आणि पाण्याची असते.

९. आम्ही जैन आहोत. कांदा-लसूण, बटाटा नाही.

खरं सांगते, कठीण आहे. अक्रोडाच्या प्रत्येक वाटणात लसूण असतो आणि ते वाटण सकाळीच करून ठेवलेलं असतं, तुमच्यासाठी वेगळं होत नाही. लोबिओचंही तेच. उरतं ते असं: म्चादी, घोमी, शोतीचा पाव, ‘मात्सोनी’ म्हणजे इथलं आंबट दही, फळं, आणि कांद्याशिवायचं काकडी-टोमॅटोचं सॅलड. ‘खाख्विस गारेशे’ म्हणजे कांद्याशिवाय, ‘निव्रिस गारेशे’ म्हणजे लसणीशिवाय. चीज आणि अंड्याबद्दल प्रश्न ७ आणि ८ पाहा. अशा मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी असं मी सुचवते. बाजारातल्या भाज्या आणि फळं फार उत्तम असतात.

१०. मांस खातो, पण गोमांस किंवा डुक्कर चालत नाही. काय टाळू?

नेहमीच्या खिंकालीत बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र असतं, म्हणून दोघांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘म्त्स्वादी’ म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, वेगळं काही लिहिलं नसेल तर ते डुकराचं समजा. ‘ओजाखुरी’ही डुकराचं. ‘खार्चो’ आणि ‘चाशुशुली’ गोमांसाचे. मेन्यूवर ‘घोरिस’ म्हणजे डुकराचं, ‘साकोनलिस’ म्हणजे गाईबैलाचं, ‘कात्मिस’ म्हणजे कोंबडीचं.

कोंबडीत दोन पदार्थ सांगेन. ‘चाखोखबिली’, टोमॅटो आणि कोथिंबिरीत शिजवलेली. आणि ‘शक्मेरुली’, राचातल्या शक्मेरी गावची, मातीच्या तव्यात दूध आणि भरपूर लसणीत. तिचा रस्सा पावाने पुसून घेतल्याशिवाय ताट सोडू नका. हलाल हवं असेल तर त्बिलिसीत मशिदीजवळच्या आबानोतुबानी भागात आणि आघमाशेनेबेली रस्त्यावर तुर्की आणि अझरबैजानी हॉटेलं आहेत, तिथे विचारा.

११. मुलाला अक्रोडाची ॲलर्जी आहे. जाता येईल का?

येईल, पण फार जपून. इथे अक्रोड आपल्या शेंगदाण्याच्या कुटासारखा वापरतात. वांगी, प्खाली, सॅलड, ‘सात्सिवी’ (प्रश्न २०), मेग्रुली खार्चो, कधी लोबिओतही. पदार्थात दिसला नाही तरी तोच खलबत्ता, तीच पाटी वापरलेली असते. ‘निगोझी’ म्हणजे अक्रोड. ‘निग्वझिस गारेशे’ एवढं म्हणून भागणार नाही, ॲलर्जी आहे आणि दवाखान्यात न्यावं लागेल असं जॉर्जियनमध्ये लिहून घेतलेली चिठ्ठी दाखवा. तीव्र ॲलर्जी असेल तर औषध जवळ ठेवल्याशिवाय बाहेर जेवू नका.

गहू चालत नसणाऱ्यांना म्चादी आणि घोमी आहेत. चुर्चखेला (प्रश्न २१) मात्र त्यांनी खाऊ नये, द्राक्षाचा रस आटवताना त्यात पीठ घालतात.

१२. जेवण फिकं असतं का? तिखट काही मिळतं?

फिकं नसतं, पण आपल्या अर्थाने तिखटही नसतं. ‘अजिका’ मागवा. लाल किंवा हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि मसाला दगडावर रगडून केलेली, म्हणजे आपला ठेचाच. अबखाझ भाषेत या शब्दाचा अर्थ मीठ. आंबटासाठी ‘त्केमाली’, आंबट आलुबुखाराची पातळ चटणी, हिरवी किंवा लाल. भाजलेल्या बटाट्यांबरोबर हिरवी त्केमाली घेऊन बघा. चटण्यांचे पैसे वेगळे लागतात, थोडेच.

१३. घरून नेलेलं लोणचं, चटणी, ठेपले टेबलावर काढले तर चालेल?

शक्यतो नको. इथे पाहुण्याला खाऊ घालणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, आणि टेबलावर बाहेरचा डबा उघडला की तुमचं जेवण आम्हाला गोड लागलं नाही असा अर्थ होतो. लहान मूल, आजारी माणूस असेल तर विचारून काढा, कुणी नाही म्हणत नाही. तोंडाला चव हवी असेल तर प्रश्न १२.

१४. वाइन घ्यायची तर कोणती? आणि ही मडक्यातली वाइन काय प्रकार आहे?

जॉर्जियात ८००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडले आहेत. ‘क्वेव्री’ म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मोठा रांजण. त्यात द्राक्षाचा रस सालीबियांसकट आंबवतात. या पद्धतीला युनेस्कोने २०१३ साली वारशाच्या यादीत घेतलं. पांढरी द्राक्षं अशी सालींसह मुरली की वाइन मधासारख्या रंगाची होते आणि चहासारखी तुरट लागते. पहिल्या घोटाला अनेकांना ती आवडत नाही, जेवणाबरोबर घ्या. लाल हवी तर ‘सापेरावी’, गोडसर लाल हवी तर ‘किंझमाराउली’. घरची वाइन जगमधून मिळते आणि स्वस्त असते. ‘चाचा’ म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची दारू, पाण्यासारखी दिसते आणि फार कडक असते. गाडी चालवणाऱ्याने यातलं काहीही घेऊ नये.

१५. आम्ही पीत नाही. कुणी जेवायला बोलावलं आणि ग्लास पुढे केला तर?

सरळ सांगा. औषध चालू आहे, व्रत आहे, गाडी चालवायची आहे, किंवा नुसतं ‘मी घेत नाही’. लोक मान देतात. पण ग्लास रिकामा ठेवू नका. त्यात सरबत घ्या आणि सगळ्यांबरोबर उचला, कारण मेजवानीत (तिला ‘सुप्रा’ म्हणतात) महत्त्व पिण्याला कमी आणि बोलण्याला जास्त आहे.

सुप्राचा एक ‘तामादा’ असतो, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार. तो उठून बोलतो: शांततेसाठी, आईवडिलांसाठी, गेलेल्या माणसांसाठी, पाहुण्यांसाठी. तो बोलत असताना खाणं थांबवायचं, मध्ये आपापलं प्यायचं नाही. बोलणं संपलं की ‘गाउमार्जोस’, म्हणजे ‘विजय असो’. त्याने ‘अलावेर्दी’ म्हणून तुमचं नाव घेतलं तर त्याच विषयावर चार वाक्यं तुम्ही बोलायची. मराठीत बोलला तरी चालतं, कुणीतरी अर्थ सांगेल.

पाहुण्याची पाळी आली आणि काय बोलावं सुचलं नाही, तर केतेवान राणीचं नाव घ्या. काखेतीची ही राणी १६२४ साली शिराझमध्ये धर्म सोडायला नकार देऊन मारली गेली. तिचे अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्याला नेले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या भिंतींत ते उत्खननात सापडले, डीएनए तपासणीने ओळख पटली आणि २०२१ साली भारताने त्यातला एक भाग जॉर्जियाला भेट दिला. एका मेजवानीत आमच्याबरोबरच्या पणजीच्या काकांनी ही गोष्ट सांगितली. समोरचे आजोबा उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि काकांच्या कपाळाचा मुका घेतला. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

१६. दारूशिवाय प्यायला काय मिळतं?

‘तारखुना’, टॅरॅगॉन या पाल्याचं हिरवंगार गोड सरबत. नाशपातीचं लेमोनेड, मुलांना फार आवडतं. ‘बोर्जोमी’ हे झऱ्याचं खनिज पाणी खारट लागतं. बाटली खराब आहे असं समजून परत करू नका. साधं पाणी हवं असेल तर नीट सांगा, नाहीतर बुडबुड्यांचं येतं. बाटलीचे पैसे पडतात.

१७. मेन्यू वाचता येत नाही आणि वेटरला इंग्रजी येत नाही. कसं करू?

त्बिलिसी, बातुमीत तरुण वेटरना इंग्रजी येतं, मेन्यूवरही असतं. गावात फोनवरचं भाषांतर कामाला येतं. वयस्कर लोकांना रशियन येते, पण संभाषणाची सुरुवात रशियनने करू नका. रशियाबरोबरच्या २००८ च्या युद्धाची जखम ताजी आहे. ‘गामार्जोबा’ (नमस्कार) आणि ‘मादलोबा’ (आभार) एवढं आलं तरी समोरचा चेहरा बदलतो.

१८. बिलात मेन्यूपेक्षा जास्त रक्कम आली. फसवलं का?

बहुधा नाही. बिलाच्या तळाशी ‘मोमसाखुरेबा’ म्हणजे सेवाशुल्क बघा. अनेक हॉटेलं १० ते १८ टक्के लावतात आणि मेन्यूच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. बसतानाच विचारून घ्या. अठरा टक्के पाहून आपली माणसं तो कर समजतात. कर वेगळा, तो पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो. सेवाशुल्क लावलं असेल तर टिप द्यायची गरज नाही, नसेल तर दहा टक्के ठेवा. गाणं-नाच असलेल्या ठिकाणी संगीताचे वेगळे पैसे लागू शकतात.

तरीही ओळ न् ओळ तपासा. न मागवलेला पाव, न उघडलेली पाण्याची बाटली कधी कधी जोडलेली असते. शांतपणे बोट ठेवून दाखवलं की काढतात. लारी, म्हणजे इथलं चलन, हल्ली साधारण तीसेक रुपयांना पडते, त्या हिशेबाने चाला. शहरात कार्ड चालतं, डोंगरात रोख ठेवा. बिल मागताना ‘अंगारिशी, तू शेइद्झलेबा’ म्हणा. न मागता बिल आणणं इथे उद्धट समजतात, म्हणून वाट पाहत बसू नका.

१९. बाहेर बसलो की टेबलाशी कुत्री येतात. घाबरावं का?

कानात प्लास्टिकचा बिल्ला असलेल्या कुत्र्यांना लस टोचलेली असते आणि ती बहुधा गरीब असतात. मुलांना ताटातलं देऊ देऊ नका, मग ती हलत नाहीत. आत बसलात तर धुराचा त्रास नाही, २०१८ पासून हॉटेलात आत धूम्रपानाला बंदी आहे.

२०. नवीन वर्षाला किंवा ईस्टरला आलो तर?

१ आणि २ जानेवारीला बरीच हॉटेलं बंद असतात, आधी चौकशी करा. इथला नाताळ ७ जानेवारीला येतो, म्हणजे ३१ डिसेंबरची मेजवानी उपवासाच्या काळात पडते आणि तरीही घरोघर टेबलं वाकतात. तेव्हा अक्रोडाच्या दाट रश्श्यातली गार टर्की, म्हणजे ‘सात्सिवी’, आणि ‘गोझिनाकी’ ही मध-अक्रोडाची वडी, अगदी चिक्कीसारखी. ईस्टरच्या आसपास ‘चाकापुली’ मिळते, कोकरू, टॅरॅगॉन आणि कच्चे आलुबुखार. काही ठिकाणी तीच मशरूमची, समारख्वो म्हणून करतात. शाकाहाऱ्यांनी ती अवश्य विचारावी, वर्षातून थोडेच आठवडे असते.

२१. जेवणानंतर गोड काय?

हॉटेलात गोडाचं पान लहानच असतं. मध आणि अक्रोड घातलेलं मात्सोनी मागवा. शरद ऋतूत ‘पेलामुशी’, द्राक्षाच्या रसाची घट्ट खीर. बाकीचं गोड बाजारात आहे. ‘चुर्चखेला’ म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवलेले, मेणबत्तीसारखे लटकतात. बोटाने दाबून थोडे मऊ असतील तेच घ्या. आणि ‘त्क्लापी’ विकणाऱ्या आजीबाई दिसल्या तर थांबा. आलुबुखाराचा गर पसरून उन्हात वाळवलेली ती पातळ पोळी घडी घालून देतात. कोकणातल्या कुणालाही ती हातात घेतल्याबरोबर कळतं की ही आंबापोळी आहे, फक्त आंबा नाही. गोड आणि आंबट दोन्ही असते. स्वयंपाकाला घालतात ती आंबट, म्हणून नुसती खायला हवी असेल तर आधी तुकडा तोडून चव बघा, आजीबाई स्वतःच पुढे करतात.